पेटी भंगारात, दफ्तर कोठे?

सरकारी वा निमसरकारी कचेरीत एखादी वस्तू निकामी ठरली की तिच्या निर्लेखनाची एक रीतसर वहिवाट आहे. जडवस्तू संग्रह नोंदवहीतून तिचा अनुक्रमांक काढावयाचा, ती केव्हा व किती किमतीस खरेदी झाली ते पाहावयाचे, ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचा जाणकाराचा दाखला जोडावयाचा, वरिष्ठांची मंजुरी घ्यावयाची आणि मग लिलाव पुकारून वा दरपत्रके मागवून तिची विल्हेवाट लावावयाची, हा क्रम मोडक्या खुर्चीला, गंजलेल्या लोखंडी कपाटाला आणि फिरेनाशा झालेल्या पंख्याला उत्तम लागू पडतो. अडचण येते ती संगणकापाशी. ‘संगणक संच, नग एक’ एवढ्याच मजकुराखाली ज्या वस्तूची नोंद झालेली असते, तिच्या पोटात दहा-पंधरा वर्षांचे ठराव, पत्रव्यवहार, हिशेब, छायाचित्रे आणि शेकडो माणसांची खासगी माहिती पडून असू शकते. तरीही निर्लेखनाच्या कागदावर त्या साठ्याविषयी बहुधा एक अक्षरही लिहिले जात नाही. कपाट विकण्यापूर्वी आतील दफ्तर काढून घ्यावे हे शिपायालाही सांगावे लागत नाही. संगणक विकताना मात्र दफ्तर कपाटासह भंगारवाल्याच्या टेम्पोत चढते आणि त्याची खंत कोणालाच वाटत नाही.

जुन्या संगणकाची पेटी भंगारात काढण्यापूर्वी तिच्यातील प्रत्येक हार्ड डिस्क ओळखावी, तिची प्रकृती तपासावी, आतील मजकुराचा एकदाचा निकाल लावावा आणि या सर्वांची लेखी नोंद ठेवावी, एवढीच माझी मागणी आहे. हे काम मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञावाचून अडून राहणारे आहे असा एक समज आहे, तो मला मान्य नाही. महाड तालुक्यातील तुडीलसारख्या गावी, एक स्क्रू-ड्रायव्हर, एक मोबाईल आणि थोडा धीर एवढ्या सामग्रीवर ते उत्तम रीतीने होऊ शकते.

हा विषय आजच काढण्याचे कारण असे की, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा मोफत पाठिंबा काढून घेतला, आणि तिच्या जागी येणारी विंडोज ११ ही प्रणाली साधारणतः २०१७ पूर्वीच्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारीत नाही. याचा परिणाम म्हणून धडधाकट चालणारे असंख्य जुने डेस्कटॉप संगणक आता ‘कालबाह्य’ या शेऱ्यास पात्र झाले आहेत. ग्रामपंचायतींत ‘संग्राम’ प्रकल्पाच्या निमित्ताने २०११ नंतर आलेले संगणक, शाळांच्या संगणक-कक्षांतील संच, पतपेढ्यांच्या गल्ल्यामागची यंत्रे, झेरॉक्सच्या दुकानांतील आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांतील पेट्या, आणि घरोघरी मुलांच्या शिक्षणासाठी हप्त्याने घेतलेले संच, या सर्वांची भंगाराकडे निघालेली मिरवणूक येत्या दोन-चार वर्षांत आपणास पाहावयाची आहे.

तुडील हे गाव महाडहून म्हाप्रळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सावित्रीच्या खाडीलगतच्या ज्या मुलखास खाडीपट्टा म्हणतात त्यात वसले आहे. येथील कुटुंबांचे एक पाऊल पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत आणि कित्येकांचे आखाती देशांत असल्यामुळे, गावातील घराच्या संगणकात जे साठते ते शहरातील संगणकाहून निराळे असते. परदेशातून आलेली छायाचित्रे, पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या स्कॅन केलेल्या प्रती, जमिनीच्या जुन्या फेरफारांच्या नकला, गावकीच्या मंडळाचा अथवा जमातीचा वर्गणीचा हिशेब, पुनर्बांधणीस घेतलेल्या देवळाच्या वा मशिदीच्या खर्चाच्या पावत्या, असा तो सगळा ऐवज असतो. यातील फार थोडे कोणत्याही सरकारी सर्व्हरवर सापडेल. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला हे खरे आणि स्वागतार्ह आहे. पण सातबारा ऑनलाइन झाला म्हणून गाव ऑनलाइन झाले, असे मानणाऱ्यांनी एकदा एखाद्या मंडळाच्या खजिनदाराशी बोलून पाहावे.

त्यात हा मुलूख पाण्याचा. २५ आणि २६ जुलै २००५ चा पूर आणि २२ जुलै २०२१ चा पूर हे दोन्ही महाडकरांच्या स्मरणात आहेत. दुसऱ्या खेपेस सावित्री आणि गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरून तळमजले बुडाले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून जी मनुष्यहानी झाली तिच्यापुढे संगणकाची गोष्ट काढणेही अप्रशस्त वाटावे. तथापि पाणी ओसरल्यानंतर दुकानादुकानांतून चिखलाने भरलेल्या ज्या वस्तू रस्त्यावर आणून टाकल्या गेल्या त्यांत संगणकाच्या पेट्याही होत्या, आणि त्या चिखलाबरोबरच उचलल्या गेल्या. भिजलेली हार्ड डिस्क म्हणजे मेलेली हार्ड डिस्क, हा समज त्या दिवसांत सर्वमान्य होता. तो कितपत बरोबर आहे हे पुढे पाहू.

आता प्रत्यक्ष ओळखपरेडीकडे वळतो. तुडीलच्या एका घरी माजघराच्या कोपऱ्यात, विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलेला एक संगणक मी पाहिला. घरातील वडीलधारे गृहस्थ मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेले, आणि गावच्या मुंबईकर मंडळाचा हिशेब बरीच वर्षे त्यांच्याच हाती. संगणक सुरू होत असे, परंतु हिशेब ज्यात होता तो ‘ई ड्राइव्ह’ एके दिवशी दिसेनासा झाला. दुरुस्तीस बोलावलेल्या एका तरुणाने पेटी न उघडताच ‘हार्ड डिस्क गेली, नवी टाकावी लागेल’ असा निकाल देऊन टाकला होता. ‘बाकी सगळं गेलं तरी चालेल हो,’ गृहस्थ मला म्हणाले, ‘पण मंडळाचा हिशेब तेवढा राहिला पाहिजे. लोकांचे पैसे आहेत ते.’

‘सी’, ‘डी’ आणि ‘ई’ या अक्षरांनी आपल्या लोकांचा जेवढा घोटाळा केला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने केला असेल. ही अक्षरे म्हणजे हार्ड डिस्क नव्हेत. ती डिस्कवर पाडलेल्या हिश्श्यांना प्रणालीने दिलेली नावे आहेत. एकाच डिस्कचे तीन हिस्से असू शकतात, तीन डिस्कांचा एकेक हिस्सा असू शकतो, आणि डिस्क दुसऱ्या संगणकास जोडली की ‘ई’ चा ‘जी’ होतो. पेटीत खरोखर किती डिस्क आहेत हे पाहावयाचे असल्यास ‘माय कॉम्प्युटर’ सोडून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे लागते, जेथे ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ असे शून्यापासून क्रमांक लावून प्रत्येक डिस्क आणि तिच्यावरील हिस्से आडव्या पट्टीने दाखविलेले असतात. चुकीची डिस्क फॉरमॅट होण्याचे जे प्रकार ऐकू येतात त्यांतील बहुतेकांचे मूळ अक्षराला वस्तू समजण्यात आहे. गृहस्थांच्या संगणकात डिस्क मॅनेजमेंटला एकच डिस्क दिसत होती आणि तिच्यावर ‘सी’ व ‘डी’ हे दोन हिस्से होते. याचा अर्थ ‘ई’ ही निराळी, अदृश्य झालेली डिस्क असली पाहिजे, हे पेटी उघडण्यापूर्वीच उमगले.

पेटी उघडण्याचा विधी सोपा असला तरी त्यात हयगय नको. भिंतीतील प्लग उपसून काढावा, नंतर चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते, आणि आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा म्हणजे अंगातील स्थितिक विद्युत् नाजूक भागांवर उतरत नाही. मागील दोन स्क्रू काढले की डाव्या अंगाचा पत्रा सरकतो. आत कोकणातील पेटीत जे सापडते तेच येथे सापडले: बोटभर धूळ, पालीच्या अंड्यांची टरफले, आणि पंख्याच्या जाळीत कुंभारमाशीने बांधलेले मातीचे सुबक घर. ते सारे मऊ ब्रशाने साफ करेपर्यंत गृहस्थ कंदील धरावा तसा मोबाईलचा उजेड धरून उभे होते.

समोरच्या बाजूच्या लोखंडी सापळ्यात, साडेतीन इंची, हाताला जड लागणाऱ्या दोन धातूच्या डब्या बसविलेल्या होत्या. वरच्या डबीस रुंद, करड्या फितीसारखी केबल होती. ही जुनी, आयडीई अथवा पाटा म्हणतात ती जात. तिच्या जोडणीत चाळीस पिना असतात आणि मागील बाजूस ‘मास्टर’ की ‘स्लेव्ह’ हे ठरविणारा चिमुकला जंपर बसवलेला असतो. एकाच फितीवर दोन उपकरणे असतील आणि दोघांचेही जंपर ‘मास्टर’वर असतील तर बहुधा दोन्ही नीट दिसत नाहीत, आणि भांडण जंपरचे असताना अपराध डिस्कच्या माथी येतो. खालच्या डबीस बोटभर रुंदीची लाल केबल होती. ही साटा, २००३ पासून रूढ झालेली जात, जिच्यात मास्टर-स्लेव्हचा प्रश्नच उरत नाही, कारण प्रत्येक डिस्कला स्वतःची केबल असते. सीडी-रायटरही याच केबलांवर लटकलेला असतो. त्यास डिस्क समजू नये.

डबीच्या पाठीवरील कागदी लेबल हा तिचा जन्मदाखला होय, आणि तो वाचता येणे ही या विद्येची पहिली पायरी आहे. वरच्या डिस्कवर ‘डब्ल्यूडी८००जेबी’ असे होते: वेस्टर्न डिजिटलची, ऐंशी जीबीची, आयडीई जातीची. खालच्या डिस्कवर ‘एसटी३५००४१८एएस’ असे होते. त्यातील ‘एसटी’ म्हणजे सीगेट, त्यापुढील ‘३’ हा साडेतीन इंची आकाराचा, ‘५००’ हे जीबीमधील माप, आणि शेवटचे ‘एएस’ हे साटा जोडणीचे द्योतक. नव्या सीगेट डिस्कांवर हा ‘३’ गाळलेला असतो. मॉडेलच्या खाली अनुक्रमांक असतो, आणि निर्लेखनाच्या दृष्टीने तोच सर्वात महत्त्वाचा, कारण मॉडेल हजारो डिस्कांचे एक असते आणि अनुक्रमांक एकाच डिस्कचा. लेबलावर मॅक्सटर, हिताची, सॅमसंग अशी नावे दिसली तर चकित होऊ नये. मॅक्सटर सीगेटने २००६ मध्ये घेतली, सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदाही पुढे सीगेटकडेच गेला, हिताचीचा वेस्टर्न डिजिटलने २०१२ मध्ये घेतला, आणि आज जगात हार्ड डिस्क बनविणाऱ्या कंपन्या सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा एवढ्या तीनच उरल्या आहेत. बंद पडलेल्या पेढ्यांची नावे आता या डब्यांच्या पाठीवरच वाचावयास मिळतात.

लेबलावर ‘५०० जीबी’ लिहिलेले असताना विंडोज ४६५ दाखविते, म्हणून दुकानदाराने फसविले अशी तक्रार मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. येथे दुकानदार निर्दोष आहे. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, एवढाच तो भेद. ऐंशीचे साडेचौऱ्याहत्तर आणि एकशे साठचे एकशे एकोणपन्नास होतात तेही याच हिशेबाने. हा हिशेब लक्षात ठेवण्याचा व्यावहारिक उपयोग असा की, पडद्यावरील कोणती डिस्क म्हणजे पेटीतील कोणती डबी हे मापावरूनही ताडता येते.

गृहस्थांच्या संगणकात दोष सापडला तो लाल केबलीत. मदरबोर्डाकडील तिचे टोक वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व दमट हवेने सैल होऊन अर्धवट बाहेर आले होते. दुसरी केबल लावून संगणक सुरू केला, बायोसच्या पडद्यावर दोन्ही नावे उमटली, आणि ‘गेलेली’ डिस्क हिशेबासह जागेवर होती. बायोसमधील तारीख मात्र कित्येक वर्षे मागची होती, कारण मदरबोर्डावरील सीआर २०३२ नावाची, रुपयाच्या नाण्यासारखी बॅटरी संपलेली होती. अशी बॅटरी संपली की बायोसच्या मांडण्या मूळपदावर जातात आणि कधीकधी त्यापायीही डिस्क नीट ओळखली जात नाही किंवा प्रणाली सुरू होत नाही. चाळीस-पन्नास रुपयांच्या या वस्तूपायी किती संगणकांवर मृत्यूचा शिक्का बसला असेल!

ओळख पटली, आता प्रकृतीची तपासणी. गेल्या पंचवीसेक वर्षांतील जवळजवळ प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या आजारांची एक रोजनिशी आपल्याच पोटात लिहीत असते, जिला स्मार्ट असे नाव आहे. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल ही रोजनिशी वाचून दाखवितो. त्यातील रकाने पुष्कळ असले तरी सामान्य माणसाने चार-पाचच पाहावेत. ०५ या क्रमांकाचा रकाना खराब होऊन बदली दिलेल्या जागांची संख्या सांगतो. सी५ हा ज्या जागा वाचताना अडखळतात व ज्यांचा फैसला अद्याप झालेला नाही त्यांची. सी६ हा ज्या वाचताच आल्या नाहीत त्यांची. हे तिन्ही शून्य असावेत. शून्य नसतील आणि आठवड्या-आठवड्याने वाढत असतील तर त्या डिस्कवर काडीचाही विश्वास टाकू नये. सी७ हा रकाना केबलीतून जाताना झालेल्या चुका मोजतो. तो मोठा असेल तर डिस्कपूर्वी केबल बदलावी. गृहस्थांच्या सीगेट डिस्कमध्ये बाकीचे तिन्ही शून्य होते आणि सी७ मात्र फुगलेला होता, म्हणजे डिस्कने आपली फिर्याद केव्हाच नोंदवून ठेवली होती, फक्त ती कोणी वाचली नव्हती.

०९ हा रकाना डिस्क एकंदर किती तास चालू होती हे दाखवितो. येथे एक गोम आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे कच्चे आकडे मुळात सोळाच्या पायावर मांडतो, त्यामुळे ‘४ई२०’ असे काही गूढ अक्षर दिसते आणि वाचणारा बिचकतो. मेनूत जाऊन दशमान पद्धती निवडली की त्याचेच २०,००० होतात. रोज आठ तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ही सव्वाआठ वर्षांहून अधिक नोकरी झाली.

वरची ऐंशी जीबीची डिस्क, जिच्यावरून संगणक दररोज निमूटपणे सुरू होत होता आणि जिच्याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती, तिचा सी५ रकाना मात्र शून्य नव्हता. जिला मृत ठरविले ती निरोगी आणि जिच्यावर भिस्त ती आजारी, हा प्रकार वाटतो तितका विरळा नसावा, कारण आपल्याकडे रोगनिदान पेटी बंद ठेवूनच करण्याची प्रथा आहे.

या तपासणीत एक पथ्य असे आहे की त्याच्यापुढे बाकी सर्व गौण मानावे: आधी नक्कल, मग परीक्षा. डिस्क अडखळते आहे असे दिसताच अनेकजण चेकडिस्क हा प्रोग्रॅम त्याच्या सर्वात कडक रूपात चालवितात. तो डिस्कचा कण न्‌ कण वाचतो, शिवाय आपल्या समजुतीप्रमाणे तिच्यावर लिहितोही. मरणोन्मुख डिस्कचा या श्रमाने अंत होऊ शकतो. म्हणून प्रथम महत्त्वाचे फोल्डर दुसऱ्या, चांगल्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. डिस्क फारच नाजूक असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने तिची समग्र नक्कल काढावी. तो आधी सुखाने वाचता येणारा भाग उचलतो आणि अवघड जागा शेवटी घेतो. ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ अशी सूचना पडद्यावर आली तर ती आज्ञा समजून कळ दाबू नये. डिस्क ठरावीक तालात टकटक करू लागली तर वीज तोडावी. आणि तशाच दुसऱ्या डिस्कचा हिरवा सर्किट बोर्ड काढून हिला बसविण्याचा जो उपाय सांगितला जातो तो अलीकडच्या डिस्कांस बहुधा लागू पडत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची सूक्ष्म मापे तिच्याच बोर्डावरील चिपमध्ये कोरलेली असतात.

मूळ संगणकच सुरू होत नसेल तरी बिघडत नाही. साटा आणि आयडीई या दोन्ही जाती यूएसबीवर घेणारे जोडयंत्र बाजारात स्वस्तात मिळते. ते घेताना सोबत बारा व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर आहे ना एवढे पाहावे, कारण साडेतीन इंची डिस्क केवळ यूएसबीच्या विजेवर फिरत नाही.

स्मार्टच्या दाखल्यावर सर्वस्वी विसंबूनही चालणार नाही. गूगल कंपनीच्या तीन संशोधकांनी २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिकांनी सर्वात भरवशाच्या चार लक्षणांपैकी एकही आधी दाखविले नव्हते असे आढळले. रकाने वाईट दिसले तर डिस्क वाईट हे मानावे. रकाने चांगले दिसले म्हणून ती चिरंजीव आहे असे मात्र मानू नये.

पुरात भिजलेल्या डिस्कची कथा निराळी. साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब समतोल राखण्यासाठी एक बारीक श्वासरंध्र असते, आणि ते झाकू नये असा इशाराही कित्येक डिस्कांवर छापलेला असतो. त्यातून पाणी व गाळ आत जाऊ शकतो. अशी डिस्क उन्हात वाळविणे, तांदळाच्या डब्यात पुरणे वा ‘एकदा लावून तर पाहू’ म्हणून वीज देणे, या तिन्ही गोष्टी घातक आहेत. पाणी वाळले की गाळ तबकड्यांवर चिकटून बसतो, आणि तबकडीपासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगणारे वाचकशीर्ष त्या गाळावर आपटते. तज्ज्ञ सांगतात की ती ओलसर असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून माहिती परत मिळविणाऱ्या प्रयोगशाळेकडे धाडावी. खर्च मोठा असतो, म्हणून हा उपाय सर्वांसाठी नव्हे. परंतु पतपेढीच्या वा पंचायतीच्या दफ्तराचा प्रश्न असेल तेव्हा निदान चिखलाबरोबर ती उचलून देण्याची घाई नको. पाण्याचे आणि या वस्तूचे वैर जुने आहे. २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमधील पुरात वेस्टर्न डिजिटलचा कारखाना बुडाला, तेव्हा जगभर हार्ड डिस्कचे भाव चढले. आणि त्याच कारखान्यातील यंत्रे पाण्याखालून काढून, साफ करून, काही आठवड्यांत उत्पादन पुन्हा सुरूही करण्यात आले.

नक्कल काढली म्हणजे काम संपले असे समजणाऱ्यांनी मराठी मजकुराचा एक विशेष लक्षात घ्यावा. युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वी, आणि खरे तर त्यानंतरही बराच काळ, आपल्या कचेऱ्यांतून व छापखान्यांतून श्रीलिपी, आकृती, सीडॅकची आयएसएम अशा प्रणालींवर मराठी टंकलेखन होत असे. तो मजकूर मूळ फॉण्टशिवाय उघडला तर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक सडा दिसतो, आणि पाहणारा ‘फाईल करप्ट झाली’ म्हणून ती पुसून टाकतो. म्हणून जुन्या डिस्कवरून दस्तऐवज घेताना विंडोजच्या ‘फॉण्ट्स’ या फोल्डरची नक्कलही अवश्य घ्यावी. तिच्यावाचून ते दस्तऐवज मुके आहेत. तीच गत टॅलीच्या हिशेबाची. तो ‘१००००’ अशा निव्वळ आकड्यांच्या फोल्डरात बसलेला असतो आणि निरुपयोगी कचरा म्हणून सर्वात आधी बळी जातो. तुडीलच्या मंडळाचा हिशेब एक्सेलमध्ये निघाला, वर्गणीदारांची नावे मात्र श्रीलिपीत. फॉण्ट त्या आजारी ऐंशी जीबीच्या डिस्कवरच होते.

जे ठेवायचे नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर आज जे दिले जाते ते धोक्याचे आहे. ‘क्विक फॉरमॅट’ मारणे म्हणजे केवळ अनुक्रमणिका फाडणे. पाने शाबूत राहतात आणि मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅमनी ती वाचताही येतात. ज्या संगणकावर लोकांच्या आधारकार्डांच्या, बँकेच्या पासबुकांच्या, विद्यार्थ्यांच्या दाखल्यांच्या प्रती काढल्या गेल्या, तो असा अर्धवट पुसून विकणे ही बेजबाबदारी आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानंतर ती नुसती नैतिक बाब राहिलेली नाही. चालू असलेल्या हार्ड डिस्कवर सर्व जागा शून्यांनी भरून एकदा पूर्ण लिहून काढले की सामान्य व्यवहारात ते पुरेसे होते. बंद पडलेल्या डिस्कला ड्रिलने तबकड्यांतून आरपार भोके पाडावीत. नंतरचे अवशेष, १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे, नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे गेले पाहिजेत.

एवढा उपद्व्याप करण्यास कारकुनास वेळ कोठे, हा आक्षेप मला अपेक्षित आहे. लेबलाचे छायाचित्र, स्मार्टच्या पडद्याचे छायाचित्र आणि नक्कल लावून दिलेली एक रात्र, यापलीकडे वेळ लागत नाही. आणि ज्या शाळेत संगणक-कक्ष आहे तेथील नववी-दहावीची मुले हे काम शिक्षकाच्या देखरेखीखाली आनंदाने करतील, निदान संगणकाच्या पोटात काय असते हे तरी त्यांना चित्राऐवजी प्रत्यक्ष दिसेल. निर्लेखनाच्या प्रस्तावास एक पुरवणी तक्ता जोडणे जिल्हा परिषदेच्या एका परिपत्रकाने होण्यासारखे आहे. डिस्कचे मॉडेल व अनुक्रमांक, तपासणीचा निष्कर्ष, मजकूर कोठे उतरविला, मूळ डिस्क पुसली की फोडली, आणि हे करणाराची व पाहणाराची सही, एवढे रकाने त्यात पुरेत. तक्ता भरल्याशिवाय मंजुरी देऊ नये.

नक्कल ठेवण्याच्या जागेविषयी मात्र खाडीपट्ट्याने व महाड शहराने आपला स्वतंत्र नियम करावा. एक प्रत त्याच इमारतीत, पण २०२१ च्या पाण्याची खूण जेथवर आहे तिच्या वरच्या मजल्यावर वा माळ्यावर. दुसरी प्रत तालुक्याबाहेर. गावच्या मंडळांना ही दुसरी सोय आयतीच उपलब्ध आहे, कारण त्यांचे निम्मे सभासद मुंबईत राहतात. तुडीलच्या गृहस्थांनी हिशेबाची एक प्रत पुतण्याच्या हाती मुंबईस पाठविली आणि पावती म्हणून त्याच्याकडून डिस्कचा अनुक्रमांक कागदावर लिहून घेतला.